कोपरापासूनचं माप

मल्लेश्वरमच्या बाजारातली ती फुलवाली अक्का मोगऱ्याची माळ कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत मोजून देते, आणि तिच्याइतका आखूड हात अख्ख्या बाजारात नाही! बायका कुरकुरल्या की एखादं फूल वर देऊन हसते.

एका सकाळी तिचा जावई शाळेला निघालेल्या लेकीला ओढतच घेऊन आला. "हिची शाळा बंद! आजपासून ही फुलं विकेल."

मी माळ घ्यायला उभा होतो. घसा खाकरला, बोट उंचावलं. "अहो, राज्यघटनेनं शिक्षणाचा हक्क..."

"स्वल्प थांबा, सर," म्हणत अक्कानं नातीचा इवलासा हात पुढे धरला. "जावईबापू, या हातानं मोजलेली माळ घेणार कोण? हात वाढेपर्यंत शाळेत जाऊ द्या."

जावई आल्या वाटेनं वळला. नात दप्तर सावरत शाळेकडे पळाली. अक्कानं स्वतःचा आखूड हात पदराखाली लपवला आणि मला डोळा मारला.