गोड पाण्याचं वॉशिंग सेंटर

आमच्या गावात कुणी बोअर मारली की पहिला घोट माझ्या वडिलांना द्यायचा, असा रिवाज आहे. तरुणपणी बाबांनी खाडीकाठच्या मिठागरांत काम केलं. तेव्हापासून पाण्यातलं मीठ ओळखावं तर त्यांनीच, असं सगळे मानतात. बाबा घोट तोंडात घोळवतात, आभाळाकडे बघतात, गिळतात आणि एका शब्दात निकाल देतात. गोड, नाहीतर खारट. त्या निकालावर कुणी अपील केलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

मी तेव्हा कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर होतो. बारा तासांची शिफ्ट आणि काम खोके मोजायचं. खोके संपले की मी गेटवर उभा राहून रस्ता बघायचो. त्या रस्त्यावर दोन गोष्टींना तोटा नव्हता, धूळ आणि नव्या गाड्या. आमच्याकडे ज्यांनी गोदामांना जमिनी दिल्या त्यांनी आधी बंगला बांधला, मग गाडी घेतली, आणि महिनाभरात त्या गाडीचा मूळ रंग घरच्यांनाही आठवेनासा झाला. हे बघून बघून माझ्या डोक्यात वॉशिंग सेंटर शिरलं आणि एके दिवशी मी नोकरी सोडून घरी आलो.

बायको म्हणाली, लग्नाला नऊ वर्षं झाली, ज्या माणसानं घरात कपबशी विसळली नाही तो आता लोकांच्या गाड्या धुणार. काकांचं म्हणणं त्याहून सरळ होतं. रस्त्याला लागून असलेला आमचा जमिनीचा तुकडा गोदामाला द्यावा, पार्टी तयार आहे, आयुष्यभर झोपून खावं. झोपून खाण्याला आमच्या भागात कुणी नावं ठेवत नाही. बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत चालवून दाखव. न्हाय चाललं तर गोडावन." म्हणजे त्या तुकड्याची आणि माझी मुदत एकच ठरली.

मग त्याच तुकड्यावर बोअर. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून सगळ्या जागेत फिरला आणि नारळ उभा राहिला तिथे मशीन लागलं. आधी दगडाची भुकटी उडाली, मग चिखल, आणि दुपारी एकदम पाणी. गाव जमला. बाबांच्या हातात तांब्या दिला. त्यांनी घोट घोळवला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "गोड हाय." मग सगळे ओंजळीनं प्यायले आणि सगळ्यांना ते गोड लागलं. मीही प्यायलो. खरं सांगायचं तर जिभेला काहीतरी टोचलं होतं. पण त्याचं खापर मी नव्या पाइपावर फोडलं आणि दुसरी ओंजळ भरली.

पंप विकणाऱ्यानं बजावलं होतं, की आधी पाणी लॅबमधून तपासून घ्या. त्यासाठी बाटली भरूनही ठेवली होती. पण बापानं चार माणसांत गोड म्हटलेलं पाणी तपासायला पाठवायचं, म्हणजे बापालाच तपासायला पाठवण्यासारखं. गावाला तोंड दाखवता आलं नसतं. मी ती बाटली कुंपणाजवळच्या कढीपत्त्याला ओतली आणि उद्घाटनाचे पेढे आणायला गेलो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे धामणकर नाक्याजवळचे एक पॉवरलूमवाले शेठ. बाबांना मानणारे, म्हणून मुद्दाम आले. गाडी काळी. पुढच्या जाळीत कापसाचा तूस इतका अडकलेला, की एखादी उशी भरली असती. मी आणि कामावर ठेवलेले दोघं, आम्ही तिघांनी मिळून दीड तास ती गाडी घासली. खालून पाण्याचा मारा, वरून फोम, मग पुन्हा पाणी. शेवटी तिच्या दारात बघून मी माझा भांग नीट केला. शेठ खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. गाडीवर पांढरे ठिपके, पांढरे ओघळ, टपावर तर पांढरा नकाशाच उमटला होता. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "भाई, मी काळी गाडी घेतली होती."

मी शाम्पू बदलला. तीनदा बदलला. पुसायचे कपडे बदलले. उन्हाला दोष दिला, गाडीच्या रंगाला दोष दिला, एका गिऱ्हाइकाला तर त्याच्या पार्किंगमधल्या कबुतरांवर संशय घ्यायला लावला. पांढऱ्या गाड्यांवर डाग दिसत नाहीत हे लक्षात आल्यावर रस्त्यावर उभा राहून फक्त पांढऱ्या गाड्यांना हात दाखवू लागलो. धंदा नवा होता आणि मी त्यातला अर्धा रंगच बाद करून टाकला होता.

शेवटी एका दुपारी, कुणी बघत नाही असं पाहून, मी एका लाल गाडीचं बॉनेट चाटलं. खारट! मिठागरात घाम गाळलेल्या माणसाचा मुलगा, आणि मला हे कळायला बॉनेट चाटावं लागलं. मागे वळलो तर गाडीचा मालक हातात चहाचा ग्लास घेऊन उभा. मी त्याला सांगितलं, क्वालिटी चेकिंग आहे. तो पुन्हा आला नाही.

घरी जाऊन आईला हळूच सांगितलं. ती बोंबील साफ करत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "त्यांच्या जिभेला मीठ लागत न्हाय रं. दोन वर्सं झाली. मी त्यांच्या वाटीत वरून मीठ टाकते." मी विचारलं, मग बोअरच्या दिवशी बोलली का नाहीस? ती म्हणाली, "आख्ख्या गावासमोर?" मला राग यायला हवा होता, पण मी खाली बसलो आणि तिच्यासमोरचे बोंबील साफ करायला घेतले.

त्या दिवसापासून मी गोड्या पाण्याचा टँकर मागवू लागलो. धुवायला बोअर, शेवटचा हात टँकरच्या पाण्याचा. डाग गेले. पण हे बाबांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून टँकर त्यांच्या दुपारच्या झोपेच्या वेळी यायचा. कामगारांपैकी एकजण घराकडे नजर ठेवायचा आणि बाबा उठले की खोकायचा. त्याला खरंच खोकला झाला तेव्हा आमचे फार हाल झाले. एकदा बाबा लवकर उठून थेट टँकरसमोर आले. मी म्हणालो, ड्रायव्हर टँकर धुवायला आलाय. टँकरमधला पाइप आमच्या टाकीत का सोडलाय, हे त्यांनी विचारलं नाही. नुसती मान हलवली आणि परत गेले.

तोवर नाव मात्र खराब झालं होतं. दसरा गेला. दिवाळी आठवड्यावर आली तरी आमच्या रॅम्पवर दिवसभरात गाड्यांपेक्षा कुत्री जास्त बसत. काका गोदामाच्या पार्टीला घेऊन आले आणि टेप लावून जागा मोजू लागले. मी पाइप धरून उभा होतो आणि धुवायला काही नव्हतं.

तेवढ्यात ते लूमवाले शेठ आले. त्यांच्या भाचीचा निकाह होता आणि वरातीच्या आठ गाड्या धुवायच्या होत्या. मला त्यांनी काही विचारलं नाही. बाबा तिथेच खुर्चीवर बसले होते, शेठ सरळ त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "चाचा, तुमच्या शब्दावर गाड्या ठेवतो. पाणी गोड आहे ना?"

मी मनात म्हणत होतो, बाबा, गोड म्हणा. शेवटचं पाणी गोडच होतं, कुणाचं नुकसान नव्हतं. आठ गाड्यांत जागा वाचत होती आणि त्यांचा शब्दही राहत होता. टेपचं एक टोक धरून काकाही ऐकत होते.

बाबा म्हणाले, "खारट हाय. बोर खारटच हाय. माझी जीभ गेली, मला मीठ कळत न्हाय. पोराला ठाव हाय, पन मला वाईट वाटंल म्हून त्यानं सांगितलं न्हाय. शेवटचं पानी टँकरचं मारतो तो. आता डाग पडत न्हाय. टाका गाड्या."

शेठनी खिशातून चाव्या काढून बाबांच्या हातात दिल्या, माझ्या नाही. काकांनी टेप गुंडाळला.

बाबांनी खुर्ची उचलली आणि रस्त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवली. दिवाळीपर्यंत ते तिथेच बसले. गाडी हळू झाली की ते उठायचे, काचेशी वाकायचे आणि कुणी विचारायच्या आधीच सांगायचे, की बोअर खारट आहे, चूक माझ्या जिभेची होती, शेवटचं पाणी टँकरचं आहे. ओळखीच्यांना सांगायचे, अनोळखी माणसांनाही सांगायचे. दर वेळी मला त्यांचा हात धरून घरात न्यावंसं वाटायचं, आणि दर वेळी गाडी आत वळायची.