चालबाईंनी मोडलेला नियम

रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत एक लांबलचक खोली होती. मधोमध कमरेएवढ्या उंचीचे दोन लोखंडी दांडे आणि टोकाला भिंतभर आरसा. ज्याचा पाय गेला, तो नवा पाय लावून पहिल्यांदा उभा राहायचा तो या दांड्यांमध्ये. त्याला चालवायचं काम चालबाईंचं. "चला, चला, आरशात बघा, खाली नको," असं त्या दिवसभर घोकत, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

आई-वडील लवकर गेले. धाकट्या भावाला वाढवता वाढवता बाईंचं लग्न राहून गेलं. तो भाऊ सैन्यात गेला, लढाईवरून धडधाकट परत आला. "लढावंच लागलं, ताई," एवढंच म्हणाला आणि बाईंना ते पुरलं. भाऊ म्हणाला म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लढाई संपली होती, पण त्या खोलीतल्या बाकावर सैनिक आणि सीमेकडची साधी माणसं मांडीला मांडी लावून बसत, आणि शब्दाला शब्द वाढायला वेळ लागत नसे. म्हणून बाईंनी नियम करून टाकला होता, "लढाईचं नाव काढायचं नाही. इथे भांडलात की पाय चुकतो."

सगळे तो नियम पाळत. तोफखान्यातला एक हवालदार आणि एक शिक्षिका यांची तर गट्टीच जमली होती. शिक्षिका त्याचे उच्चार सुधारायच्या. तो म्हणायचा, "मॅडम, पाय सुटला पण छडी काही सुटली नाही तुमची!"

एका सकाळी बाकावर कुणीतरी बातमी सांगितली की सीमेवर पुन्हा पेटणार. हवालदार उसळून म्हणाला, "पेटू दे! आपलं गाव त्यांनी बळकावलं होतं, आपण सोडवलं. यात बरोबर-चूक काय बघायचं?"

शिक्षिका दांड्यांमध्ये थांबल्या. "कुठलं गाव?"

त्याने नाव सांगितलं.

"मी तिथलीच."

हवालदाराचा चेहरा खुलला. "मग तुम्हीच सांगा ना यांना!"

"सांगते. त्यांचे सैनिक आमच्या शाळेत राहत होते. आम्ही जीव मुठीत धरून दिवस काढले. पण माझा पाय त्यांनी नाही घेतला. तो गेला सोडवायला आलेल्यांच्या तोफांनी. माझी बहीणही त्यातच गेली."

हवालदार म्हणाला, "आम्हाला सांगितलं होतं, गाव रिकामं आहे म्हणून."

"रिकामं नव्हतं."

"मग आम्ही यायलाच नको होतं?"

"तसं मी कुठे म्हणतेय? तुम्ही आला नसतात, तर आज मी दोन पायांवर असते आणि त्यांच्या धाकात असते. तुम्हाला दोष देववत नाही आणि आभारही मानवत नाहीत. काय करू, सांगा!"

एरवी बाईंनी दटावलं असतं. त्या दिवशी त्यांनी मुकाट्याने शिक्षिकांसाठी खुर्ची आणली. हवालदार कुबड्या घेऊन निघून गेला तो पुढचे कितीतरी दिवस फिरकला नाही.

अशाच एका संध्याकाळी जेवताना बाईंनी भावाला विचारलं, "तुम्ही गेलात त्या गावांत माणसं होती का रे?"

भावाचा घास हातातच राहिला. "होती. आधी कधी विचारलं नाहीस, ताई."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"तुला ऐकायचं नव्हतं. मलाही ते बरंच होतं मग."

बाईंना ते लागलं, कारण ते खरं होतं. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत ऐकलं. मध्ये एकदा तो रडला. लढाई चुकीची होती, असं मात्र तो शेवटपर्यंत म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई हवालदाराच्या वॉर्डात गेल्या. "माझा नियम मी मोडीत काढलाय. चला."

"काय बोलू त्यांच्याशी? गोळा माझ्या तोफेचा होता की दुसऱ्या कुणाच्या, तेसुद्धा मला ठाऊक नाही."

"मग तेच सांगा."

खोलीत येऊन त्याने मान खाली घालून तेच सांगितलं. शिक्षिकांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "गाव खरंच रिकामं आहे का, असं तुम्ही कुणाला विचारलं होतंत?"

"नाही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही."

"बरं झालं, खोटं बोलला नाहीत," शिक्षिका म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ झाला नव्हता, पण त्यांनी दांड्यांमधली जागा त्याला करून दिली.

मग रोज वाद व्हायचे. बाकावरची माणसंही त्यात उतरायची. एक सैनिक शिक्षिकांच्या बाजूने बोलला. मुलगा गमावलेल्या एका सुताराने हवालदाराची बाजू घेतली. आवाज चढायचे. कुणी दांडे सोडून हातवारे करायला लागलं की बाई ओरडायच्या, "आधी तोल सांभाळा, मग सरकार पाडा!"

कुणीच कुणाला पटवू शकलं नाही. लढणं भाग होतं, यावर हवालदार ठाम राहिला. आपल्याच माणसांच्या जिवाचा हिशेब न करता लढलेली लढाई मी न्यायाची म्हणणार नाही, असं शिक्षिका म्हणत राहिल्या. पण प्रशिक्षण केंद्रात नव्या पोरांना तोफ शिकवायची नेमणूक आली, तेव्हा हवालदाराने ती घ्यावी की नाही, हे आधी शिक्षिकांनाच विचारलं.

"घ्या," त्या म्हणाल्या. "समोर कोण राहतं, हे विचारायलाही शिकवा त्यांना."

"वरच्यांना रुचणार नाही."

"मला तरी ते गोळे रुचले होते का?"

तो गेला. पुढे एकदा बाईंना त्याचा फोन आला. असे प्रश्न शिकवल्याबद्दल बोलणी खावी लागली होती, तरी त्याने शिकवणं थांबवलं नव्हतं. शिक्षिका गावी परतल्या आणि नव्या शाळेत रुजू झाल्या.