एक लांब, दोन बारीक

गेल्या रविवारी दुपारी आमचा कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं की आतला पंखा घरघरायचा, हिरवा दिवा लागायचा... आणि स्क्रीन मात्र काळीभोर.

मेहरूणचा तलाव आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. गेली सहा वर्षं मी रोज सकाळी तिथं फिरायला जाते आणि दिसलेले पक्षी घरी येऊन टाइप करून ठेवते. कोणता पक्षी, किती होते, पाणी कुठवर होतं, धुकं होतं का... कुणी सांगितलं म्हणून नाही, कुणाला दाखवायचं म्हणूनही नाही.

ते सगळं, फोटोंसकट, कॉम्प्युटरच्या त्या एकाच डब्यात. दुसरी प्रत कुठेही नाही. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करते, जुने कागद जपा म्हणून लोकांना सांगत असते... आणि स्वतःचं हे असं.

प्लग बदलून पाहिला. मॉनिटरची केबल काढून परत लावली. दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, आज दुकान बंद आहे, उद्या आणा, पण हार्ड डिस्क गेली असेल तर आतलं काही मिळेल याची खात्री नाही.

मग मी नुसतीच बसून राहिले. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर हलत होतं, कूलरचा ओला वास खोलीभर पसरला होता. डोळे मिटले की एकेक सकाळ समोर यायची. थंडीत पाण्यावर वाफ होती आणि तिच्यात एक करकोचा उभा होता, पाय नसल्यासारखा, अधांतरी... पण ते कोणत्या वर्षी? फाइलशिवाय सांगता येईना. सगळ्या सकाळी एकमेकींत विरघळत चालल्या होत्या.

खोलीत दिवाणावर अक्का पडलेली होती. अक्का म्हणजे माझी मोठी मावशी, आईची बहीण. मूळ शिंदखेड्याची, पण नोकरीमुळे सगळं आयुष्य धुळ्यात, एकटीनं काढलेलं. काचबिंदूनं नजर जवळजवळ गेली म्हणून दीड महिन्यापूर्वी मी तिला जळगावला आणलं. तेव्हापासून ती फार बोलत नव्हती. जेवायला दिलं की जेवायची, औषध दिलं की घ्यायची. काही मागायची नाही.

मी पुन्हा बटण दाबलं. आणि अक्का म्हणाली, "तो कूलर बंद कर."

मला वाटलं, तिला गार लागतंय. कूलर बंद केला. खोली एकदम शांत झाली, बाहेर कडुनिंबाची पानं तेवढी सळसळत होती. अक्का उठून बसली, आणि तिनं मला कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला सांगितलं. मी केला. तिनं मान थोडी तिरपी केली. पुन्हा कर म्हणाली. असं चार वेळा.

"दरखेपी एकच सांगी राहिनं ते," ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "एक लांब, दोन बारीक. आयक."

मी कान दिला. पंख्याच्या घरघरीखाली खरंच एक बीप होती... लांब, मग दोन छोट्या. इतका वेळ मी फक्त काळ्या स्क्रीनकडे बघत होते.

मोबाइलवर शोधलं. माझ्या कॉम्प्युटरच्या बाबतीत या खुणेचा अर्थ होता, स्क्रीनवर चित्र पाठवणारं डिस्प्ले कार्ड नीट बसलेलं नाही. म्हणजे फाइली जिथं असतात त्या हार्ड डिस्कची तक्रारच नव्हती. मी प्लग काढला, डब्याचं झाकण उघडलं. आत धुळीचा मऊ थर. कार्ड अलगद काढलं, त्याची सोनेरी पट्टी खोडरबरनं हलक्या हातानं पुसली आणि परत घट्ट दाबून बसवलं. अक्का शेजारी खुर्चीवर येऊन बसली होती.

बटण दाबलं. एकच छोटी बीप झाली... आणि स्क्रीन उजळली. फाइल उघडली, सहा वर्षं जागच्या जागी होती. मी काही बोलायच्या आत अक्काच म्हणाली, "झालं वाटतं." माझा श्वास बदलला, त्यावरून तिला कळलं होतं.

तेव्हा कुठं मला आठवलं, अक्का तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मला हे ठाऊक होतं, पण त्याबद्दल मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. त्या दुपारी विचारलं. ती डोळे मिटून सांगत होती, पावसात तारा ओल्या झाल्या की आवाज कसे पाण्याखालून आल्यासारखे यायचे, कुणी नुसतं 'हॅलो' म्हटलं तरी बातमी बरी की वाईट ते कसं कळायचं... ऐकता ऐकता ऊन भिंतीवर चढलं, आणि चहाची वेळ टळून गेली तरी दोघींनाही उठावंसं वाटेना.

संध्याकाळी बाहेर पडून पेन ड्राइव्ह आणला, सगळ्याची प्रत काढली. काम संपलं तेव्हा अक्कानं हाक मारली.

"माले धुयाले एक फोन लाई दे."

दीड महिन्यात तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट. धुळ्याच्या एक्स्चेंजमधल्या तिच्या जुन्या मैत्रिणीचा नंबर तिनं न अडखळता, पाठ म्हणून दाखवला. मी तो लावला, पलीकडून 'हॅलो' आलं तसा फोन तिच्या कानाशी धरला... आणि अक्का हसली.

सगळ्या धुळ्याचे फोन जोडून देणारी ही बाई, दीड महिना माझ्या घरात गप्प बसून होती. नजर गेली म्हणून मी तिला आणलं, आणि तिचे कान किती जागे आहेत हे मला आत्ता कळलं. आता रोज संध्याकाळी आमच्याकडून धुळ्याला एक फोन जातो.