चादरीच्या चिमट्याची शेवटची फी

तारीखताईला खऱ्या नावानं ऑफिसात कुणी हाक मारत नसे. आमचं ऑफिस पेटंटच्या वकिलांचं, आणि कुठलं पेटंट कधी मरणार यावर नजर ठेवणं हे तिचं काम. मरणार हा शब्दही तिचाच. पेटंटचं आयुष्य वीस वर्षांचं, पण दरवर्षी फी भरून ते जगवावं लागतं, नाहीतर मधेच जातं. साहेबांनी एकदा एका पत्रात तारीख एका दिवसानं चुकवली, तर हिनं भर मीटिंगमध्ये त्यांची अशी खरडपट्टी काढली की ते बरेच दिवस तिच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. मी तिच्या शेजारी बसायचे, जीव मुठीत धरून.

तिनं लग्न केलं नव्हतं. एक भाऊ होता, पण तो फक्त फोनवर होता. डबा खिडकीकडे तोंड करून एकटी खायची. बोलावलं तर म्हणायची, "तुमचं चालू द्या." मला तिची कीव येत नसे, रागच यायचा. माणसानं इतकं एकटं असावं आणि वर त्याचा तोरा मिरवावा!

वर्षातून एकदा मात्र चिमटेकाका यायचे. लेथवर काम करून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर त्यांची पहिली पंचाईत झाली ती चादरीची घडी घालताना. समोरची टोकं धरायला माणूस नाही. मग त्यांनी भिंतीवर बसवायचा एक चिमटा बनवला. तो टोकं घट्ट धरायचा आणि घडी झाली की एका हिसक्यात सोडायचा. त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. चार वर्षांनी त्यातल्या स्प्रिंगचा भाग वेगळा काढून दुसरा अर्ज केला. अशा पहिल्या अर्जाला आम्ही आई म्हणतो आणि दुसऱ्याला लेकरू. चिमटा काही खपला नाही. दोन्हींची फी झेपेना, म्हणून काकांनी आईची बंद केली आणि लेकराची चालू ठेवली. तीही कशाला, देव जाणे.

ही फी घरबसल्या भरता येते. काका मात्र कडक इस्त्रीचा शर्ट घालून, धापा टाकत जिना चढून यायचे. सगळं ऑफिस त्यांना काका म्हणायचं, ताई तेवढी "अहो" म्हणायची. आम्ही फायलींच्या आडून हसायचो. त्या दिवशी ती खिडकीकडे पाठ करून बसायची आणि डब्यातलं अर्धं त्यांना वाढायची.

निघताना काका दरवेळी हेच म्हणायचे, "लेकरू चार वर्षांनी धाकटं. म्हणजे आईच्या मागे आणखी चार वर्षं जगणार. तोवर तुमच्या डोक्याला माझा ताप!" ताई नुसती हसायची.

हे साफ चूक होतं. आईची फी थांबली म्हणून लेकरू मरत नाही हे खरं, पण त्याची वीस वर्षंसुद्धा आईच्याच अर्जाच्या तारखेपासून मोजतात. एका दिवसासाठी साहेबांना सोलून काढणारी ही बाई चार वर्षांची चूक खुशाल कानाआड करत होती. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तू तुझं बघ."

यंदा काका आले आणि तिला बोलावंच लागलं.

"अहो, ही शेवटची फी."

"शेवटची कशी? अजून चार आहेत की."

तिनं समजावून सांगितलं. आवाज अगदी बारीक झाला होता. काका चष्मा पुसत राहिले.

"तुम्हाला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही इतक्या खुशीत मोजायचात. वाटलं, खरं सांगितलं तर तुम्ही लेकराचीही फी बंद कराल. मग यायचं काही कारणच उरणार नाही."

काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मुलगी केव्हाची मागे लागलीय, आमच्याकडे राहायला या म्हणून. पेटंटचं काम संपलं की घर सोडून येतो, असा शब्द दिलाय मी तिला."

"तिला कुठे कळतंय संपलं ते?"

ताईच्या तोंडून हे ऐकून माझा कानांवर विश्वास बसेना.

"मला कळतंय ना," काका म्हणाले. ते उठले, पिशवी घेतली. "आधी सांगितलं असतंत तर मी घाई केली असती."

"कसली घाई?"

"तुम्हाला विचारायची. चार वर्षं हातात आहेत म्हणून दरवेळी म्हटलं, पुढच्या खेपेला विचारू." ते कसनुसं हसले. "आता कुठे? तिनं तिकडे खोलीसुद्धा रंगवून ठेवलीय."

आणि ते गेले. ताई खुर्चीत तशीच बसून राहिली. मला तिचा इतका राग आला, आणि इतकं वाईट वाटलं, की मी जवळजवळ ओरडलेच, "ताई, पळा! जिन्यातच असतील अजून."

ती उठली. टेबलाखाली चपला चाचपल्या, एकच पायात घातली आणि तशीच दारापर्यंत गेली. तिथं चौकटीला धरून थांबली.

"जाऊन काय सांगू गं?" तिनं विचारलं.

इतक्या वर्षांत तिनं मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि मी वाकून टेबलाखाली तिची दुसरी चप्पल शोधू लागले. खाली फाटकाचा आवाज झाला.