शिंदखेड्याकडच्या डोंगरावरचं गवत

पुण्याहून निघाले तेव्हाच अंग दुखत होतं. जळगाव स्टेशनवर उतरले तर सकाळी साडेसातलाच ऊन चटके देत होतं. एप्रिलात खानदेशात कोणी हौसेनं जात नाही. पण माझं काम उन्हाळ्यातलंच. एक विकास बँक गावोगावच्या पाणलोट कामांना पैसे देते. डोंगरावर चर खणायचे, ओढ्यावर बांध घालायचे, झाडं लावायची, आणि त्यातून गावाची गरिबी हटवायची, असा तिचा हेतू. ते खरंच घडलं का, हे पाहून बँकेला अहवाल देणं हे माझं काम. कृषी महाविद्यालयातली नोकरी संपल्यापासून गेली बरीच वर्षं मी हेच करते आहे. विहिरींना पाणी आहे की नाही हे एप्रिलातच कळतं.

पहिला मुक्काम बोदवड तालुक्यात. तिथला बांध गाळानं काठोकाठ भरलेला. गाळ काढायची जबाबदारी कोणाची, यावर गावात दोन तट. ज्या घरी उतरले होते तिथल्या वहिनींनी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि वांग्याचं भरीत वाढलं. जेवण इतकं चांगलं होतं की गाळाचा विषय पुन्हा काढायचं माझ्या जिवावर आलं. कागदावर ‘काम पूर्ण’ लिहिलेलंच होतं. त्याखाली ‘पण निगा नाही’ एवढंच लिहून मी धुळ्याची एस.टी. धरली.

पारोळ्याच्या अलीकडे एस.टी. बंद पडली. दुसरी येईपर्यंत दोन तास आम्ही सगळे रस्त्याकडेच्या निंबाखाली बसून होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, “कोठे चालल्यात?” म्हटलं, “शिंदखेड्याकडे, पाणी बघायला.” त्या हसल्या. “पानी देखाले तठे?” त्यांचं हसू बरोबरच होतं. तो भाग कोरडा म्हणूनच ओळखला जातो.

म्हणून दुसऱ्या दिवशी शिंदखेड्याकडच्या माझ्या गावात, म्हणजे पाहणीच्या गावात, पोचल्यावर मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. विहिरीत डोकावले तर खाली पाणी चमकत होतं. एक नाही, ओळीनं पाच विहिरी. पाणलोट समितीचे अध्यक्ष नाना माझ्यापुढे झपाझप चालत होते. सत्तरीचा माणूस, पण प्रत्येक चर कोणी कोणी खणला हे त्यांना तोंडपाठ. वर अख्खा डोंगर गवतानं पिवळा झालेला, मध्ये मध्ये निंब आणि सीताफळाची झाडं.

“चराईबंदी पाळली, ताई. एक शेळी वर जाऊ दिली नाही. त्याचं हे फळ,” नाना म्हणाले. “आता दुसरा टप्पा मंजूर झाला की खालच्या दोन गावांनाही पाणी मिळेल. तुमच्या अहवालावरच आहे सगळं.”

मी खूश होते. थकलेली होते, तरी खूश होते. अशी गावं क्वचित पाहायला मिळतात.

उतरताना पायवाटेवर एक बाई दिसली. डोक्यावर वेड्या बाभळीच्या फांद्यांचा भारा. शेजारच्या शिवारातून आणलेला. नाना तिला ‘केसरअक्का’ म्हणाले आणि पुढे निघाले. मी थांबले. सवयीनं विचारलं, “अक्का, कामामुळे फायदा झाला ना गावाला?”

तिनं भारा खाली ठेवला. “गावले व्हयना, ताई. बठ्ठासना विहिरीसले पानी उनं. मले ना वावर, ना विहीर. सात बकऱ्या व्हत्यात. डोंगर बंद व्हयना, इकी टाक्यात.”

“म्हणजे सगळ्यांच्या विहिरींना पाणी आलं, आणि डोंगर बंद झाला म्हणून तुम्हाला बकऱ्या विकाव्या लागल्या. मग आता?”

“पोऱ्या नि सून ऊस तोडाले गुजरातमा. मी आठे.”

मुलगा-सून तिकडे आणि ती इथे एकटी, एवढं सांगून तिनं भारा पुन्हा उचलला. गावात अशी भूमिहीनांची नऊ घरं होती, हे मला नंतर कळलं. माझ्या अहवालाच्या छापील नमुन्यात त्यांच्यासाठी एकच ओळ होती: ‘भूमिहीन कुटुंबांना लाभ मिळाला काय?’ पुढे हो-नाहीचे दोन चौकोन. आजवर किती गावांत मी तिथे ‘हो’वर खूण केली असेल! समितीनं सांगितलं आणि मी मान डोलावली.

शाळेच्या ओसरीवर चहा घेताना मी नानांना विचारलं, “डोंगरावरच्या गवताचं काय करता?”

“एका व्यापाऱ्याला देतो. त्या पैशातून समिती चालते.” मग हा प्रश्न केसरअक्कांवरून आला हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कप खाली ठेवला. “ताई, हे लिहू नका. वरचे साहेब लोक हे वाचतील आणि दुसरा टप्पा अडकवतील. खालच्या गावांनी काय करायचं?”

“केसरअक्कांनी काय करायचं?”

नाना चिडले. “शेळ्या वर सोडल्या असत्या तर हे पाणी दिसलं असतं का तुम्हाला?”

ते खरंच होतं. शेवटी मी म्हटलं, त्यांनाच बोलावू या. केसरअक्का आल्या आणि ओसरीच्या कडेला बसल्या. नानांनी तोच प्रश्न त्यांना विचारला.

“डोंगर उघडा करा आसं मी कोठे म्हनस, नाना?” त्या शांतपणे म्हणाल्या. “आम्हले गवत कापू द्या. इळाघाई कापसूत, बकऱ्या घरज बांधसूत.”

विळ्यानं गवत कापून न्यायचं आणि बकऱ्या घरीच बांधायच्या, एवढं साधं होतं ते. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. समितीनं नाही, आणि माझ्यासारख्यांनीही नाही. “गावाला विचारावं लागेल,” एवढं बोलून नाना उठले. मला सोडायला ते बसथांब्यापर्यंत आले नाहीत.

पुण्याला परतल्यावर मी दोन दिवस अहवाल लिहायला बसलेच नाही. मग सगळं लिहिलं. पाणी, झाडं, नानांची मेहनत, आणि ‘नाही’च्या चौकोनात खूण. खाली केसरअक्कांनी सुचवलेली वाट जशीच्या तशी लिहिली. बँकेनं दुसरा टप्पा थांबवला. गवतावर भूमिहीन घरांचा पहिला हक्क असल्याचा ठराव ग्रामसभेनं करावा, मग पुढचं बघू, असं कळवलं. नानांनी फोनवर मला नको नको ते ऐकवलं. मी ऐकून घेतलं. ठराव व्हायला उशीर झाला आणि खालच्या गावांचा एक पावसाळा वाया गेला. त्याला माझं लिहिणं कारणीभूत होतं, हे मी नाकारत नाही. पाणी आणण्यासाठी बँकेकडे तज्ज्ञ पुष्कळ आहेत. ते पाणी कोणाच्या घरासमोरून नुसतं वाहून जातं, हे विचारायला मात्र कोणीतरी उन्हात थांबावं लागतं. आणि थांबण्याची किंमत थांबणारा भरतोच असं नाही.

दिवाळीनंतर नानांचा पुन्हा फोन आला. आवाज अजून कोरडाच. “ठराव झाला. गवत कापणी सुरू आहे,” म्हणाले आणि फोन केसरअक्कांकडे दिला. त्यांनी दोन बकऱ्या घेतल्या होत्या. सून या वर्षी ऊसतोडीला गेली नव्हती. मी अभिनंदन करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या,

“ताई, मनं व्हयनं. आते खालना गावसनं काम नका अडकावू.”

त्यांचं झालं होतं, खालच्या गावांचं राहिलं होतं. मी त्याच दुपारी दुसऱ्या टप्प्यासाठी बँकेला पत्र लिहायला बसले.