सध्या कोणताही आजार नाही

घरात तिला भिंगरी म्हणत. डाव्या कानाने तिला मुळीच ऐकू येत नसे. एकाच कानावर भिस्त असली की आवाज येतो, पण कुठल्या बाजूने आला ते कळत नाही. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली की ही पुढच्या खोलीत उभ्या उभ्या एक गिरकी घ्यायची, दार, खिडकी, जिना सगळं धुंडाळायची आणि मग कुठे आई सापडायची. वडिलांनी ते पाहून नाव ठेवलं, ते चिकटलं.

कान गेला तो नवव्या वर्षी. कानामागे गाठ झाली होती, वाईट जातीची. डॉक्टरांनी ती काढली आणि मग सहा आठवडे रोज रेडिएशन दिलं. गाठ परत आली नाही, पण उपचारांत कान गेला. पुढे आठ वर्षं दर तपासणी स्वच्छ निघत गेली. वडील बस डेपोत मेकॅनिक होते, आई घरी शिलाई मशीनवर शाळांचे गणवेश शिवायची. त्या आजारपणाचं नाव दोघंही काढत नसत. अगदीच वेळ आली तर ‘तेव्हा’ म्हणत आणि विषय बदलत.

त्यामुळे बारावी झाल्यावर भिंगरीने रेडिएशन थेरपीच्या पदवीसाठी अर्ज करायचा ठरवला तेव्हा घरात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या इमारतीतून पोरीला कसंबसं बाहेर आणलं तिथेच ती जन्मभराची नोकरी करायला निघाली, हे आईच्या डोक्यात शिरेना. वडील काही बोलले नाहीत. ते बोलत नसत तेव्हा त्यांचा विरोध नसे, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांचं मात्र वेगळंच. मामा एका कचेरीत वरिष्ठ कारकून होते आणि नात्यात कुणाचाही फॉर्म त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय टपालात पडत नसे. जागा वीस, अर्ज सहाशे, असा त्यांनी आधी हिशेब मांडला. मग चष्मा वर ढकलून म्हणाले, “तुझ्यापाशी जे आहे ते त्या सहाशेंत कुणापाशी नाही. निबंधात पहिल्याच ओळीत तुझं आजारपण घाल. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.”

“मामा, मला जागा मार्कांवर पाहिजे,” ती म्हणाली. “रडवून नको.”

आणि तिने तसंच केलं. निबंधात तिने लिहिलं ते एवढंच, की किरणांची मात्रा एकदम न देता रोज थोडी थोडी का देतात, आणि त्या मधल्या तासांत चांगल्या पेशी स्वतःला कशा सावरतात. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर रकाना होता : सध्या कोणता आजार आहे काय? तिने ‘नाही’ लिहिलं. मामांनी कपाळाला हात लावला.

मुलाखतीला तिघं होते. आत गेल्यावर तिने आधी खुर्ची थोडी सरकवून घेतली, तिघंही उजवीकडे येतील अशी. विभागप्रमुख बाईंनी तिला भौतिकशास्त्रावर अर्धा तास पिळून काढलं. यादी लागली तेव्हा तिचा नंबर अकरावा होता. आईनेही त्या दिवशी काम बाजूला ठेवलं.

पण वैद्यकीय तपासणी बाकी होती. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोटांना केसांखालचा व्रण लागला. त्यांनी कानाची चाचणी घेतली, जुने कागद मागवले, आणि चौथ्या दिवशी घरी पत्र आलं. उमेदवार वैद्यकीयदृष्ट्या अपात्र. शिवाय, आजाराचा पूर्वेतिहास लपवल्याचे आढळले. आठ दिवसांत जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देण्यात येईल.

आईने पत्र ऐकलं आणि शिलाई मशीन सुरू केलं, जरा जास्तच जोरात. तिला बरं वाटलं होतं आणि ते पोरीला दिसू नये अशी तिची धडपड चालली होती. मामा आले. आता तरी नमतं घे म्हणाले, चुकले म्हणून लिहून दे, कुणाला तरी दया येईल.

भिंगरीने नियमांचं पुस्तक काढलं. सेहेचाळीस पानं होती, बारीक टायपातली. तिने ती दोनदा वाचली. नियम असा होता की उपचार चालू असताना रुग्णाचा आवाज ऐकू येण्याइतकी श्रवणशक्ती हवी. किती कानांची, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिने एका पानाचं अपील लिहिलं आणि प्रवेश विभागाच्या खिडकीपाशी गेली.

खिडकीतल्या कारकुनाने कागद न वाचताच परत सरकवला. वैद्यकीय निर्णयावर अपील नसतं, म्हणाला.

“मग ‘स्वीकारत नाही’ असं त्यावर लिहून द्या,” ती म्हणाली. “खाली सही आणि शिक्का.”

मागे रांग खोळंबली होती. कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मग कागद ठेवून घेतला आणि पोच दिली.

सहाव्या दिवशी सुनावणी झाली. वडील अर्धी रजा टाकून डेपोच्या कपड्यांतच आले आणि बाहेर बाकावर बसून राहिले. आत कुलसचिव, ते डॉक्टर आणि विभागप्रमुख बाई. डॉक्टर माणूस वाईट नव्हता. तुझ्या भल्यासाठीच म्हणतोय, पुन्हा किरणांच्या जवळ कशाला जातेस, असं त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं. तिने शांतपणे सांगितलं, की किरण चालू असताना काम करणारा भिंतीपलीकडे असतो, हे डॉक्टरांना तिच्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग गाडी कानावर आली. एका कानाने आवाजाची दिशा कळत नाही, डॉक्टर म्हणाले.

“बाहेरच्या टेबलावर स्पीकर एकच असतो, रुग्णाचा आवाज त्यातूनच येतो,” ती म्हणाली. “दिशा कशाला लागते? मला मशीनवर बसवून बघा.”

कुलसचिव असलं काही नियमात बसत नाही म्हणू लागले. तोवर गप्प बसलेल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत मशीन पाऊण तास रिकामं असतं, म्हणाल्या, आणि उठल्याच.

सगळे तळमजल्यावर गेले. वडीलही मागोमाग गेले, त्यांना कुणी अडवलं नाही. रुग्णाच्या जागी डॉक्टर स्वतः आडवे झाले. मशीन बंदच ठेवलं होतं, फक्त जाडजूड दार लावून घेतलं. आतून डॉक्टर हलक्या आवाजात एकेक शब्द वाचत गेले, बाहेर भिंगरी लिहीत गेली. कुलसचिवांनाही बाईंनी एक कागद दिला. वीस शब्दांपैकी भिंगरीचे एकोणीस बरोबर आले. कुलसचिवांचे सोळा. त्यांनी आपला कागद घडी घालून खिशात ठेवला.

डॉक्टर कोट झटकत बाहेर आले. हे ठीक आहे, म्हणाले, पण अडचणीत सापडलेला रुग्ण काही असे सुटे सुटे शब्द बोलत नाही. तेव्हा काय करशील?

जे कधीच कुणाला सांगायचं नाही असं भिंगरीने ठरवलं होतं ते तिला आता सांगावं लागणार होतं, आणि त्याचा तिला राग आला होता.

“अडचणीत सापडलेला रुग्ण बोलतच नाही,” ती म्हणाली. “डोक्याला मास्क असतो, तो खालच्या फळीला पक्का केलेला असतो. तोंड उघडत नाही. मी नऊ वर्षांची होते, मला उलटी येत होती. मी हात वर केला. बाहेर दोघं होते, चारही कान धडधाकट. पण ते आपसात बोलत होते, आतल्या स्पीकरवर मला ऐकू येत होतं. आतलं दिसतं त्या स्क्रीनकडे कुणी बघत नव्हतं. मला शंभरपर्यंत मोजता यायचं. दोनदा शंभर झाले तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं. तेव्हा काय करशील म्हणून विचारताय ना? मी बघेन.”

वडील दाराशी उभे होते. त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि स्वच्छ असलेले हात पुसत राहिले.

जागा मिळाली. पण दुसऱ्या दिवशी प्रवेश घ्यायला गेली तर कारकुनाने आणखी एक कागद पुढे केला. पूर्वेतिहास लपवल्याबद्दल मी दिलगीर आहे, खाली सही. ती करणार नाही म्हणाली. फॉर्मने ‘सध्या’ विचारलं होतं, सध्या काही नव्हतं, यात लपवलं काय? कुलसचिवांनी आत बोलावून सांगितलं की हा नुसता उपचार आहे, एक सही करून मोकळी हो. मामांनी फोनवर हेच सांगितलं, वर घोडं इतकं पुढे आणून आता अडवतेस का म्हणून झापलं. वर्ग सुरू झाले होते. ती रोज सकाळी येऊन कुलसचिवांच्या खोलीबाहेर बसायची आणि संध्याकाळी घरी जायची. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी विभागप्रमुख बाई फॉर्म घेऊन आत गेल्या. त्यांनी त्या रकान्याखाली लाल रेघ मारली होती. अर्ध्या तासाने कारकुनाने तिला हाक मारली आणि दिलगिरीशिवाय प्रवेश दिला. शिवाय तिच्या कागदांतला ‘लपवल्याचे’ हा शब्द तिने समोर उभं राहून खोडून घेतला.

घरी आईला ते दोनदा शंभर वडिलांकडून कळलं होतं. मला का नाही सांगितलंस, तिने विचारलं.

“तू बाहेर बाकावर बसलेली असायचीस,” भिंगरी म्हणाली. “बाहेर आले की तुझा चेहरा बघायचे. त्यात आणखी काय घालू?”

पहिल्या दिवशीचा पांढरा कोट आईनेच शिवला, आणि खिसे विद्यापीठाच्या मापापेक्षा मोठे ठेवले.

पुढच्या वर्षी विद्यापीठाने फॉर्म सुधारला. रकान्यात ‘सध्या किंवा पूर्वी’ असं आलं. भिंगरीने त्यावर कुलसचिवांना पत्र लिहिलं, बऱ्या झालेल्या माणसाचं जुनं आजारपण तुम्हाला कशाला हवं म्हणून. उत्तर आलं नाही. तिने दरवर्षी एक याप्रमाणे तीन पत्रं लिहिली. शेवटच्या वर्षी माहितीपुस्तकासाठी तिचा फोटो मागायला माणूस आला, आजारावर मात केलेली विद्यार्थिनी म्हणून. आधी माझ्या पत्रांची उत्तरं आणा, तिने सांगितलं. तो परत आला नाही.

आता ती दुसऱ्या एका रुग्णालयात मशीन सांभाळते, दिवसाला पस्तीसेक रुग्ण. आत किरण चालू असताना तिच्या टेबलापाशी कुणी गप्पा मारायच्या नाहीत, असा तिचा नियम आहे. तो कुठल्याही पुस्तकात नाही. मोठे डॉक्टर काही विचारायला आले तरी ती स्क्रीनवरची नजर न काढता हाताने थांबा म्हणते. नव्या मुलामुलींना ते जाचक वाटतं, ती तिला पाठीमागे खडूस म्हणतात. म्हणोत बापडी.