खो कोणाकडे?

आमची कप्तान कधी कोणाच्या समोरून आलीच नाही. ती यायची ती पाठीमागून, आणि पाठीत सणसणीत थाप घालून ओरडायची, "खो!" पंचवटीच्या भाजीबाजारात मी मेथीची जुडी निवडत असावी आणि ही थाप पडावी, की जुडी एकीकडे आणि मी एकीकडे. भाजीवाल्या मावशी ओरडायच्या, "अगं बया, एखादं माणूस जाईल ना जागच्या जागी!" त्यावर कप्तान अगदी गंभीरपणे सांगायची, "मावशी, खो पाठीवरच द्यायचा असतो. समोरून दिला तर फाऊल."

तिला खरं नाव होतं आणि पुढे ते सिनेमाच्या पडद्यावर ठळक अक्षरांत यायचं. पण आम्हा नऊ जणींची ती कप्तान ती कप्तानच. खो-खोत आठ जणी एकीआड एक उलट्या तोंडाने पाटीवर बसतात, नववी पाठलाग करते, आणि तिने पाठीवर थाप देऊन मोठ्याने खो म्हटल्याशिवाय बसलेलीने उठायचं नाही. मी शेवटच्या पाटीवर, खांबाजवळ. माझं नाव मंदा, त्यामुळे तिचं काम सोपं झालं होतं. "मंदे, नावाला जागू नकोस, ऊठ!" ती ओरडायची. मी एकदा घाईने तिचा खो येण्याआधीच उठले आणि हातातला सामना गेला. घरी परतताना ती एवढंच म्हणाली, "बसून राहता आलं पाहिजे गं. पळता काय, सगळ्यांनाच येतं."

तिचं पळणं मात्र फार दिवस टिकलं नाही. एका अंतिम सामन्यात तिने खांबावर सूर मारला, गडी बाद केला आणि स्वतः उठलीच नाही. गुडघा गेला. आई लहानपणीच गेलेली, वडील त्याच वर्षी गेले. कप्तान मुंबईला मामांकडे निघून गेली. तिथल्या एका स्टुडिओत खेळाच्या प्रसंगासाठी गर्दीतल्या मुलींना पळायला शिकवणारं कोणी तरी हवं होतं, तिथे ती चिकटली. दोनशे माणसं वेळेवर उठवायची, बसवायची, पुढच्या जागी न्यायची, हे काम तिला जन्मापासून येत असावं. चढत चढत ती त्या स्टुडिओची प्रमुख झाली. कोणता सिनेमा काढायचा आणि कोणता नाही, हे आमच्या पंचवटीची पोरगी ठरवू लागली. आम्ही इकडे उगाचच कॉलर ताठ करून फिरायचो.

लेखक मंडळी तिला टरकून असत. गोष्ट ऐकून झाली की ती विचारायची, "या सीनने पुढच्याला खो दिलाय का? की तो आपला आपणच उठलाय?" बिचाऱ्यांना कळायचं नाही. मग पाठीमागे बोलणं सुरू, की बाई सगळ्यांच्या कामात खो घालते. हे तिच्या कानावर गेलं तेव्हा तिने मला फोन करून सांगितलं, "मी खो देते गं, घालत नाही." हसत होती, पण तिला ते लागलं होतं. मी तिचं हसणं ओळखत होते.

एकदा तिच्याच स्टुडिओच्या सिनेमासाठी नाशिकला खो-खोचं शूटिंग लागलं. तिने मला बोलावून घेतलं. बघते तो नायिका खो मिळायच्या आधीच टुणकन उठतेय. कप्तान खुर्चीतून ओरडली, "फाऊल!" दिग्दर्शक समजावायला आला, "मॅडम, कॅमेऱ्यात कळत नाही ते." कप्तान म्हणाली, "नाशिकला कळतं." आणि काय करावं हिने? चांगल्या रेशमी साडीचा ओचा खोचला आणि त्या तसल्या गुडघ्यानिशी पाटीवर जाऊन बसली. "बघा, असं बसायचं. आता द्या मला खो."

कोणी देईना. शंभर माणसं उभी होती, पण मॅडमच्या पाठीवर थाप मारणार कोण? नायिका दिग्दर्शकाकडे बघते, दिग्दर्शक जमिनीकडे बघतो. कप्तान तशीच बसून होती, मान ताठ, नजर समोर. खो येईपर्यंत मागे वळून बघायचं नाही, ही तिचीच शिकवण. त्या उन्हात तिची ती एकटी पाठ दिसत होती. इतकी माणसं भोवती, आणि हिला हात लावणारं कोणी नाही. मी पळत गेले, या वयात जमेल तेवढी पळत, आणि सगळा जोर लावून थाप घातली. "खो!" उठताना तिने माझा दंड धरला. डोळे भरले होते. पुटपुटली, "मंदे, किती उशीर!"

त्यानंतर ती वरचेवर येऊ लागली. वाटेत घोटीला थांबून पाच किलो इंद्रायणी तांदूळ घ्यायची आणि पिशवी माझ्या ओट्यावर ठेवायची. "अगं, तुझ्या घरी ने की," मी म्हणायची. "मला एकटीला मूठभर लागतो," ती म्हणायची, "आणि मूठभर भात कधी चांगला होत नाही." आमच्याकडे पातेलंभर भात व्हायचा आणि ती दोनदा वाढून घ्यायची.

येणं जमलं नाही की रविवारी फोन. त्यालाही नियम. ज्याने फोन केला त्याने शेवटी मोठ्याने खो म्हणायचं, मग पुढचा फोन दुसऱ्याने करायचा. खो मिळाला नसेल तर आपण होऊन करायचा नाही. पोरखेळच तो, पण आम्ही कित्येक वर्षं इमानाने खेळलो.

पुढे गुडघ्यापायी तिचं येणं थांबलं, फोनच काय तो उरला. मागच्या वर्षी एका रविवारी मी फोन केला होता. मुलगा-सून यायचे होते, कुकरची शिट्टी झाली, दारावर घंटा वाजली. "बरं, ठेवते गं," म्हणून मी फोन ठेवला. आता पाळी तिची. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. महिना गेला, दोन गेले. मला राग आला. मनात म्हटलं, मोठी माणसं ती, आता कशाला आठवण येईल शेवटच्या पाटीची? नियमाला धरून मीही हटून बसले. सहा महिने बसले.

मग एका सकाळी फोन आला तो तिच्या सेक्रेटरीचा. मॅडम रात्री झोपेत गेल्या. मी मिळेल ती गाडी धरून निघाले. घोटी कधी मागे पडलं, कळलंही नाही.

स्टुडिओच्या आवारात तिला ठेवलं होतं. फुलं, कॅमेरे, ओळखीचे चेहरे. सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्हीच ना मंदाताई? दर रविवारी मॅडम फोन समोर घेऊन बसायच्या. मी एकदा म्हटलं, तुम्हीच लावा ना. तर म्हणाल्या, ती खो म्हणायला विसरली. खो मिळाल्याशिवाय उठलं तर फाऊल होतो."

मी आठवून बघितलं. कुकर आठवला, घंटा आठवली, "ठेवते गं" आठवलं. खो आठवला नाही. मी तो दिलाच नव्हता. ती सहा महिने मला पाठ देऊन बसून होती, आणि मी इकडे तिच्यावर फुगून.

गर्दीतून वाट काढत मी तिच्यापाशी गेले. खो पाठीवर द्यायचा, आणि ती तर पाठ टेकून निजली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "खो!" लोक वळून बघायला लागले. समोरून दिलेला खो होता. "फाऊल!" म्हणून ओरडायला कप्तान काही उठली नाही.